मुंबईहून कोल्हापूरला राहायला येताय? आधी पाण्याचं विचारा, भाड्याचं नंतर

मुंबईत दोन खोल्यांचं भाडं भरून महिनाअखेरीस हात रिकामे, काम तर लॅपटॉपवरच चालतं, मग इथं कशाला राहायचं? हा हिशेब करून कोल्हापूरकडे वळणारी बरीच बिऱ्हाडं माझ्या ओळखीत आहेत. काहींचं मूळ गावच कागल, गडहिंग्लज, शाहूवाडीकडचं. त्यांना हा लेख वाचायची गरज नाही, त्यांचे मामा-काका सगळं बघून घेतात. ज्यांचा इथं एकही पाहुणा नाही, कोल्हापूर म्हणजे अंबाबाई, रंकाळा आणि तांबडा-पांढरा एवढंच ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

बहुतेक जण सुरुवात भाड्यापासून करतात. मुंबईत एवढं देत होतो, इथं निम्म्याहून कमी आहे, चला, ठरलं. पण कोल्हापुरात घराचं भाडं बऱ्याचदा पाण्यावरून समजतं. एखादं घर शेजारच्या भागापेक्षा स्वस्त दिसलं, तर तिथं एक तर पुराचं पाणी येतं किंवा नळाचं येत नाही, असा संशय आधी घ्यावा. तो खोटा ठरला तर उत्तमच.

पहिली पायरी: पगाराचं लेखी घ्या

'तू कुठूनही काम कर, आपल्याला काय' असं साहेबांनी चहा पिताना सांगितलं असेल, तर त्या भरवशावर बिऱ्हाड हलवू नका. साहेब बदलतात. एचआरकडून ईमेलवर घ्या की कामाचं ठिकाण म्हणून कोल्हापूर नोंदलं जाईल का, त्यामुळे पगार कमी होईल का, महिन्यातून किती वेळा मुंबईच्या ऑफिसात यावं लागेल आणि त्या येण्याजाण्याचा खर्च कोण देईल. शहर बघून पगार ठरवणाऱ्या कंपन्या आहेत, आणि ही कपात कळते ती बदलीचं पत्र हातात पडल्यावर.

आयकराचा एक बारकावा आहे. तुम्ही जुन्या करप्रणालीत असाल आणि घरभाडे भत्त्यावर सूट घेत असाल, तर मुंबईत या सवलतीची मर्यादा मूळ पगाराच्या ५० टक्के धरतात, कोल्हापुरात ४० टक्के. भाडंही कमी झालेलं असतं, त्यामुळे सूट दोन्हीकडून घटते. नव्या करप्रणालीत ही सूटच नाही, म्हणून तिथं फरक पडत नाही. वर्षाचं भाडं एक लाखावर जात असेल तर घरमालकाचा पॅन लागतो, तो घर ठरवतानाच मागून ठेवा. केंद्र सरकारी नोकरीत बदली होऊन येणाऱ्यांचा भत्ताही उतरतो, कारण भत्त्यासाठी केलेल्या शहरांच्या वर्गवारीत मुंबई एक्स वर्गात आणि कोल्हापूर वाय वर्गात येतं. म्हणजे भत्ता ३० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर.

'तिथं जाऊन नोकरी शोधू' असा बेत असेल तर मी दोनदा विचार करायला सांगेन. इथला रोजगार मुख्यतः फाउंड्री आणि मशीनशॉपचा आहे: शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या एमआयडीसी. जोडीला साखर कारखाने, दूध संघ, इचलकरंजीचे माग, हुपरीची चांदी. मेटलर्जी, कास्टिंग, गुणवत्ता तपासणी किंवा सीएनसीचा अनुभव असेल तर काम मिळेल. जाहिरात, मीडिया किंवा वित्त क्षेत्रातल्या माणसाला मुंबईच्या तोडीची नोकरी इथं मिळणं अवघड आहे. त्याने मुंबईचा पगार बरोबर घेऊनच यावं.

खर्चाचा अंदाज बांधताना सगळंच निम्मं होईल असं धरू नका. भाडं, दूध, भाजी, घरकामाच्या मावशींचा पगार आणि बाहेरचं जेवण कमी होईल. गॅस, मोबाइल, गाडीचे हप्ते, विम्याचे हप्ते जिथल्या तिथं राहतील. वीज स्वस्त होईल असंही समजू नका, इथं सगळीकडे महावितरण आहे. पेट्रोल मात्र वाढेल. लोकलच्या पासाइतका स्वस्त प्रवास कोल्हापुरात नाही. केएमटीच्या बस आहेत, पण त्यांच्या भरवशावर वेळ गाठणारा माणूस मला तरी माहीत नाही. घरात नवरा-बायको दोघं कामाला जाणारे असतील तर दोन दुचाकी धरूनच चाला.

दुसरी पायरी: घर बघायला पावसाळ्यात या

डिसेंबरात कोल्हापूर फार गोड दिसतं. गुऱ्हाळं चालू असतात, हवा थंड असते, आणि नदी घाटाच्या पायऱ्यांखाली निमूट पडलेली असते. त्या दिवसांत बघितलेलं घर पसंत पडणारच. म्हणून जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला या. २००५, २०१९ आणि २०२१ चे तीनही मोठे पूर याच दिवसांतले आहेत.

दोन आकडे पाठ करा: ३९ आणि ४३. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा नदीची पातळी फुटांत मोजतात. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ आणि २०२१ मध्ये नदी ५५ फुटांच्या वर गेली होती. २०२४ च्या जुलैतही तिने धोका पातळी ओलांडली. पावसाळ्यात इथले लोक सकाळी उठल्यावर मोबाइलवर आधी हा आकडा बघतात, मग दूध आणायला जातात. मुंबईकराला समजायला अवघड जाणारी गोष्ट अशी की हा आकडा शहरातल्या पावसावर ठरत नाही. तो राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, पन्हाळ्याकडच्या पावसावर ठरतो. तिकडे धो धो कोसळत असतं आणि इकडे राजारामपुरीत लख्ख ऊन पडलेलं असतं, तरी नदी चढतच असते. त्यात राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की सगळ्यांचे कान टवकारतात.

'नदी इथून लांब आहे' हे वाक्य घर दाखवणारा एजंट हमखास टाकतो, आणि ते खरंही असतं. पण पाणी नदीकाठावरून चालत येत नाही. नदी फुगली की शहरातून वाहणाऱ्या जयंती नाल्यात फुगवटा येतो आणि नाल्याचं पाणी उलटं फिरून मागच्या गल्ल्यांत शिरतं. शाहूपुरीतला काही भाग, दुधाळी, उत्तरेश्वर, सुतारमळा, रमणमळा, नागाळा पार्कातल्या आणि कसबा बावड्यातल्या सखल जागा, ही नावं पुराच्या बातम्यांत पुन्हा पुन्हा येतात. याचा अर्थ हे भाग वाईट आहेत असा नाही. नागाळा पार्कात शहरातले सुंदर बंगले आहेत, आणि त्याच भागातल्या चढावरच्या गल्लीत कधी थेंबही आलेला नाही. प्रश्न भागाचा नसतो, गल्लीचा असतो, कधी कधी तर इमारतीच्या जोत्याचा.

त्यामुळे इमारतीत शिरण्याआधी बाहेर थोडं थांबा. विजेचे मीटर नेहमीच्या उंचीवर आहेत की कुणीतरी मुद्दाम डोक्याच्या वर चढवून बसवलेत? पार्किंगच्या भिंतीचा खालचा भागच तेवढा ताजा रंगवलाय का? दुकानाचं शटर खालच्या दोन फुटांत गंजलंय आणि वर ठणठणीत आहे का? तळमजल्यावरच्या दाराची लाकडी चौकट फुगून दार घासतंय का? एवढं बघून झालं की कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जा, एक बिस्किटचा पुडा घ्या आणि विचारा, 'एकोणीसला पाणी कुठंवर आलतं?' दुकानदार खोटं बोलत नाही. त्याचं पोतंन् पोतं त्या पाण्यात गेलेलं असतं किंवा वाचलेलं असतं. तो हाताने भिंतीवर खूण दाखवतो. घरमालकाला विचाराल तर तो म्हणेल, 'आपल्याकडं कधीच नाही.'

पूररेषेचा नकाशाही असतो. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. मात्र २०१९ नंतर दोनच वर्षांत २०२१ आलं, तेव्हा 'शंभर वर्षांतून एकदा' या शब्दांवर विसंबू नका. भाड्याच्या घरासाठी किराणा दुकानदार पुरे. विकत घेणार असाल तर महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन नकाशा बघायलाच हवा.

तुमचं घर कोरडं राहिलं तरी पुराचा त्रास तुम्हाला होणार आहे, हेही समजून घ्या. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं की पुण्या-मुंबईची वाट बंद. मग भाजी, पेट्रोल, दूध सगळंच अडतं. आणि चमत्कारिक वाटेल, पण पुरात नळ कोरडे पडतात, कारण नदीकाठची पाणी उपसा केंद्रंच पाण्याखाली जातात. २०१९ मध्ये शहराचे काही भाग बुडालेले असताना उरलेलं शहर टँकरच्या रांगेत उभं होतं.

तिसरी पायरी: उंचावरचं घर मिळालं, आता नळ बघा

पुराला घाबरून माणूस चढावर जातो. पाचगाव, आर. के. नगर, मोरेवाडी हा उंचावरचा पट्टा, इथं पूर यायचा प्रश्नच नाही. नव्या इमारती आहेत, भाडं परवडतं, हवा छान. पण पाचगाव आणि पाणीटंचाई ही जोडी कोल्हापुरात इतकी मुरलेली आहे की रिक्षावाल्याला 'पाचगावात घर बघतोय' म्हटलं तर तो आधी पाण्याचंच विचारेल. शहराला लागून असली तरी पाचगाव, उचगाव, मोरेवाडी ही ग्रामपंचायतीची गावं आहेत. महापालिकेची हद्दवाढ कित्येक वर्षं नुसती चर्चेत आहे. १९७२ साली नगरपालिकेची महापालिका झाली, पण हद्द तिथंच राहिली. त्यामुळे रस्त्याच्या या बाजूला महापालिकेचा नळ आणि त्या बाजूला ग्रामपंचायतीचा, अशी स्थिती असते. पत्त्यात 'कोल्हापूर' लिहिलंय म्हणून शहराचं पाणी मिळेल असं नाही.

तेव्हा विचारायचं असं: नळाला पाणी रोज येतं की दिवसाआड? किती वाजता आणि किती वेळ? पहाटे चारला येत असेल तर मोटर कोण लावतं? इमारतीला बोअर आहे का, आणि मार्च-एप्रिलमध्ये तो चालतो का? टाकी किती लिटरची आणि तिच्यावर किती बिऱ्हाडं? टँकर मागवावा लागला तर पैसे मेंटेनन्समधून की वेगळे? हे मालकाला न विचारता वरच्या मजल्यावरच्या वहिनींना विचारा. त्या बादल्यांसकट सांगतील.

शहरातही सगळं आलबेल आहे असं नाही. काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइनने पाणी आणायची योजना अनेक वर्षं रखडून अखेर २०२३ च्या दिवाळीत पाणी शहरात पोचलं. पण पंप बिघडला, वीज गेली किंवा पाइप फुटला की अर्ध्या गावाचं पाणी जातं. दोन दिवसांचा साठा घरात हवाच. मुंबईत चोवीस तास पाणी असलेल्या टॉवरमधून येणाऱ्यांना पहिले काही महिने हे जड जातं. चाळीतून येणाऱ्यांना काहीच वाटत नाही.

माझं मत विचाराल तर पहिलं घर राजारामपुरी, सम्राटनगर, संभाजीनगर किंवा साने गुरुजी वसाहतीच्या बाजूला बघावं, आणि तेही गल्ली तपासून. राजारामपुरीत गल्ल्यांना नंबर आहेत, त्यामुळे नवख्या माणसाला पत्ता सांगणं सोपं जातं. दवाखाने, शिकवण्या, बँका, भाजी, सगळं हाकेच्या अंतरावर. भाडं थोडं जास्त पडेल, ते पडू द्या. ताराबाई पार्क आणि रुईकर कॉलनी महाग आणि शांत. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेत घर मिळालं तर माणसं फार जीव लावतात, पण चारचाकी कुठं लावायची हा प्रश्न रोज संध्याकाळी पडेल, आणि गणपतीत झोप मिळणार नाही. फुटबॉलच्या हंगामात पेठांतल्या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर भिडतात. त्या दिवशी तुम्ही कुठल्या तालमीच्या गल्लीत राहता यावर तुमचा पक्ष आपोआप ठरतो. तटस्थ राहून बघा, जमणार नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. सहा जिल्ह्यांचं कामकाज इथं आल्यामुळे वकील मंडळीही जागा शोधतायत. सीपीआर रुग्णालय, भाऊसिंगजी रोडच्या आसपास घर हवं असेल तर त्यांच्याशी चढाओढ आहे हे धरून चाला.

चौथी पायरी: भाडेकरार नोंदवूनच घ्या

इथं अजूनही पुष्कळ घरमालक म्हणतात, 'कशाला नोंदणी? पाचशेच्या स्टँपवर नोटरी करू, तुम्ही काय, घरचंच माणूस.' नम्रपणे नाही म्हणा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, मग तो अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे, आणि नोंदणी नसताना वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. हे मालकाला गोडीत सांगितलं की तो स्वतःच तयार होतो.

खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, त्यात अनामत रकमेवर वर्षाला १० टक्के व्याज धरून ते भाड्यात मिळवायचं. समजा भाडं १२,००० रुपये, अनामत ५०,००० आणि करार दोन वर्षांचा. भाडं २,८८,००० झालं, अनामतीवरचं व्याज १०,०००. एकूण २,९८,००० वर मुद्रांक होतो ७४५ रुपये. नोंदणी शुल्क शहरी भागात १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. एजंट घरी येऊन अंगठा घेऊन ऑनलाइन नोंदणी करून देतो, त्याची फी वेगळी. ती आधी ठरवा, आणि निम्मी-निम्मी वाटून घ्यायचा आग्रह धरा.

या नोंदणीकृत कराराचा खरा उपयोग पुढे होतो. आधार, बँक, गॅस, मतदार यादी, सगळीकडे पत्त्याचा पुरावा म्हणून हाच कागद चालतो. नोटरीचा कागद बऱ्याच ठिकाणी परत करतात.

चाव्या घेताना वीज मीटरच्या रीडिंगचा फोटो काढून मालकाला व्हॉट्सअॅपवर टाका. मागची थकबाकी कुणाची, हा वाद तिथंच मिटतो. भाडेकरूची माहिती पोलिसांना मालकाने द्यायची असते, पण तो विसरतो. आठवण करा.

पाचवी पायरी: तारीख मुलांच्या शाळेवर ठरवा

मूल शाळेत असेल तर हलायचं मे महिन्यात. शाळा जूनमध्ये उघडतात, आणि त्याआधी सामान लावून होतं. प्रवेशाची चौकशी मात्र डिसेंबर-जानेवारीतच करा, चांगल्या शाळांचे अर्ज तेव्हाच सुटतात. मुंबईच्या शाळेतून शाळा सोडल्याचा दाखला घेताना नाव, जन्मतारीख, जात हे रकाने तिथंच काउंटरवर तपासा. कोल्हापुरात आल्यावर एका अक्षराची चूक दुरुस्त करायला दादरला जाणं परवडत नाही.

नववी-दहावी किंवा अकरावी-बारावीच्या मध्ये मुलाला हलवू नका. कोल्हापूरचं विभागीय मंडळ वेगळं आहे, आणि दहावीच्या वर्षात मंडळ बदलण्याची परवानगी मिळवत बसण्यापेक्षा एक वर्ष थांबलेलं बरं. केंद्रीय मंडळाच्या शाळा इथं आहेत, पण मुंबईइतक्या नाहीत. त्यातल्या काही शहराबाहेर आहेत, म्हणजे स्कूल बसचा खर्च आला.

सहावी पायरी: सामान आणि गॅस

सामानाबद्दल थोडक्यात. मुंबई ते कोल्हापूर साधारण पावणेचारशे किलोमीटर, आणि सातारा ते कागल सहापदरीकरणाच्या कामांमुळे ट्रक किती वाजता पोचेल हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. त्याच दिवशी सगळं लावून होईल असा बेत करू नका. जुनं जड फर्निचर आणू नका. इथं सुतारकाम चांगलं होतं आणि मुंबईच्या मानाने स्वस्त पडतं.

गॅसचं मात्र नीट करा. मुंबईत पाइपगॅस असेल तर कनेक्शन बंद करून अनामत परत घ्या आणि इथं सिलिंडरचं नवीन कनेक्शन घ्या. सिलिंडर असेल तर एजन्सीत सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करा, अनामत परत मिळेल आणि टर्मिनेशन व्हाउचर मिळेल. ते व्हाउचर कोल्हापुरातल्या त्याच कंपनीच्या एजन्सीत दाखवलं की नवीन कनेक्शन सुरू होतं. व्हाउचर न घेता सिलिंडर टेम्पोत टाकून आणणारे लोक आहेत. मग रिफिलच्या वेळी बोंब होते.

सातवी पायरी: कागद, ओळीने

आधी आधारचा पत्ता बदला, बाकीचं त्याच्यामागून येतं. मग बँकेत केवायसी. बँकेची शाखा बदलायची गरज नाही. लॉकर असेल तरच विचार करा.

मतदार यादीसाठी फॉर्म ८ भरायचा. बरेच जण फॉर्म ६ भरतात, तो नवीन मतदारांसाठी असतो, आणि मग दोन ठिकाणी नाव राहतं. रेशनकार्डासाठी मुंबईत शिधावाटप कार्यालयात जायचं आणि इथं तहसीलच्या पुरवठा विभागात. कार्ड बदलून मिळेपर्यंत धान्य घेणाऱ्यांचं अडत नाही, 'एक देश एक रेशनकार्ड' योजनेत जुन्या कार्डावर इथल्या दुकानात धान्य मिळतं.

गाडी राज्यातल्या राज्यात हलतेय, त्यामुळे नवा नंबर घ्यावा लागत नाही. पण पत्ता बदलल्याची नोंद ३० दिवसांत आरटीओत करायची असते. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं संमतिपत्र आधी मागवा, वेळ त्यालाच लागतो. एमएच ०९ नसलेली गाडी दिसली की सिग्नलवरचा माणूस 'कुठलं पावणं?' असं विचारतो. त्यात टोमणा नसतो, चौकशी असते.

आरोग्य विमा कंपनीला नवा पत्ता कळवा आणि कॅशलेस यादीत कोल्हापूरची कुठली रुग्णालयं आहेत ते बघून घ्या. इथं उपचारांची सोय चांगली आहे, मिरजही तासाभराच्या अंतरावर आहे. मात्र मुंबईत एखाद्या मोठ्या रुग्णालयात घरातल्या कुणाचे उपचार चालू असतील, तर त्या डॉक्टरांना विचारूनच तारीख ठरवा.

आठवी पायरी: मुंबईचं येणंजाणं

महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री बसलं की सकाळी पोचतो. महिन्यातून दोनदा ऑफिस गाठणाऱ्यांची ही हक्काची गाडी, आणि म्हणूनच आरक्षण लवकर संपतं. कोयना दिवसा चालते, खिडकीची जागा मिळाली तर प्रवास बरा जातो. पुण्याला काम असेल तर सप्टेंबर २०२४ पासून वंदे भारत आहे, पण सुरू झाली तेव्हापासून ती आठवड्यातून तीनच दिवस. उजळाईवाडीचा विमानतळ शहराला लागून आहे, पण विमानांचे दिवस आणि वेळा बदलत असतात. त्यावर महत्त्वाची मीटिंग ठेवू नका. खासगी बस शेवटचा पर्याय म्हणून नेहमी असतातच.

नववी पायरी: रुळताना

इथली माणसं सरळ बोलतात. दुकानदार 'अरे भावा' म्हणेल, समोरच्या घरातल्या काकी पहिल्याच दिवशी विचारतील की गाव कुठलं, आडनाव काय, भाडं किती ठरलं. मुंबईकराला हे आगाऊपणाचं वाटतं. पण याच काकी तुम्ही गावाला गेल्यावर तुमच्या दारातलं दूध उचलून ठेवतात. घर भाड्याने देताना जात-धर्म बघणारे आणि एकट्या मुलामुलींना नाही म्हणणारे मालक इथंही आहेत. मटणाला सहसा कुणी हरकत घेत नाही, एवढाच मुंबईच्या काही सोसायट्यांशी फरक.

कामं ओळखीने होतात, आणि ओळख हजेरीने होते. सकाळी रंकाळ्यावर फिरायला जा, संध्याकाळी एकदा गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जा. समोर म्हैस पिळून देतात, ते दूध उभ्यानेच प्यायचं. मंडळाची वर्गणी पहिल्या वर्षी घासाघीस न करता द्या. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, शिकवणीच्या बाई, सगळ्यांचे नंबर मंडळाच्याच पोरांकडून मिळतात, आणि पुराच्या वेळी ट्रॅक्टर घेऊन येणारीही हीच पोरं असतात.

घरून काम करणाऱ्यांनी इंटरनेट दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं ठेवावं आणि इन्व्हर्टर घ्यावा. वळवाच्या पावसात वीज जाते.

वर्षभरानंतर: जागा, आणि मुंबईचा फ्लॅट

येऊन चार महिने होत नाहीत तोच कुणीतरी 'गुंठा घेऊन ठेवा' म्हणून मागे लागेल. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, चाळीस गुंठ्यांचा एकर. हे गणित सोपं आहे, व्यवहार तेवढा सोपा नाही. शेतजमीन विकत घ्यायला महाराष्ट्रात तुम्ही शेतकरी असावं लागतं. नसाल तर बिगरशेती झालेली जागाच बघा. सातबारा, फेरफार (मालकी बदलाची नोंद), बिगरशेतीचा आदेश आणि मंजूर लेआउट हे चार कागद वकिलाला दाखवल्याशिवाय इसार देऊ नका. तुकडेबंदीच्या, म्हणजे जमिनीचे छोटे तुकडे पाडून विकायला मनाई करणाऱ्या नियमांत अलीकडे बदल झालेत, त्यामुळे 'आता सगळं रेग्युलर झालं' हे वाक्य तुम्ही खूप ऐकाल. आपल्या गट नंबराला ते लागू आहे का, एवढंच वकिलाला विचारा. नोटरीवर किंवा नुसत्या साठेखतावर, म्हणजे पुढे विक्री करू अशा करारावर, गुंठा घेऊ नका. नदीकडे उतरणारा, नजरेत भरणारा स्वस्त प्लॉट दिसला तर तो निळ्या रेषेच्या आत आहे का ते आधी बघा. फ्लॅट घेणार असाल तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नंबर टाकून ताबा द्यायची तारीख तपासा.

मुंबईत स्वतःचा फ्लॅट असेल तर पहिल्या वर्षी विकू नका, भाड्याने द्या. इथं जमलं नाही तर परत जायची वाट उघडी राहते. मुंबईत पुन्हा घर घेणं किती अवघड आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावेल, पण ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त लावता येत नाही. भाड्याच्या उत्पन्नातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते.

वर्षानंतर विकायचं ठरलंच, तर मिळालेल्या भांडवली नफ्यातून दोन वर्षांत दुसरं घर विकत घेतलं किंवा तीन वर्षांत बांधलं की करात सवलत आहे. पैसे तोवर भांडवली नफा खात्यात ठेवायचे असतात, साध्या बचत खात्यात नाही. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घरासाठी १२.५ टक्के की महागाई निर्देशांक धरून २० टक्के, यातलं कमी पडेल ते निवडता येतं. दोन्ही हिशेब सीएकडून कागदावर करून घ्या, आणि ते हातात आल्यावरच मुंबईच्या एजंटला फोन लावा.